उताणा ससा

धनश्रीने ससा उताणा केला आणि हात काढून घेतला.

टेबलावर अंथरलेल्या हिरव्या कापडावर तो पांढरा ससा पाठीवर पडून राहिला. पुढचे पाय छातीशी दुमडलेले, मागचे सैल, कान दोन्ही बाजूंना पसरलेले. एरवी असा उलटा केलेला ससा क्षणात अंग पिळतो आणि चारी पायांवर येतो. ती धडपड थांबली की भूल चढायला लागली असं धरायचं, हे तिच्या प्रयोगातलं पहिलं मोजमाप. हा हलला नाही.

"गेला," ती म्हणाली.

सिद्धोधनने स्टॉपवॉच थांबवलं, आकडा पाहिला आणि हलकेच शीळ घातली. तो तिच्यापेक्षा एका वर्षाने मागे, पण तिच्या प्रयोगात सुरुवातीपासून सोबत होता.

"ताई, हा तर सगळ्यांच्या फुडं गेला. पेढे तयार ठेवा. आन पाथरीचे नकोत, परभणीचे पायजेत."

"का? पाथरीच्या पेढ्यांना काय झालं?"

"ते साईबाबाच्या दर्शनाला आलेल्यांसाठी. पास होणाऱ्याला वेगळे लागतात."

ती हसली, पण तिचं लक्ष खिडकीकडे गेलं. बाहेरच्या लिंबाची सावली व्हरांड्याच्या पायरीवर आली होती. दुपारची पाथरी गाडी मिळायला हवी. सकाळपासून छाती दुधाने भरून आली होती, अॅप्रनखाली ब्लाऊज आवळत होता, आणि तरीही कुठेतरी आत एक हलकेपणा होता. हा शेवटचा ससा. याचे आकडे लिहिले की रोजचं अपडाऊन संपलं. पुढचं लिखाण घरी बसून होणार होतं, लेकीला, भक्तीला, पायावर घेऊन. काल रात्रीच तिने नवऱ्याला, विरेशला, तसं सांगितलं होतं. आज कपाटातला डबा, शाल, जादाची चप्पल असं सगळं तिने पिशवीत भरूनही ठेवलं होतं.

पशुवैद्यकीय कॉलेजच्या या मागच्या खोलीत तिने दीड वर्ष ससे झोपवले होते. कापाकापी नव्हती. खेड्यातल्या जनावरांच्या दवाखान्यात भुलीचं गॅसचं यंत्र कुठून असणार. जे काय करायचं ते टोचूनच करायचं. मग टोचायच्या औषधांची कुठली जोडी चांगली? कुठली लवकर चढते, किती गाढ उतरते, कुठल्या जोडीतून ससा सुखरूप जागा होतो? तीन गट केले होते. पहिल्यात झायलाझीन आणि केटामीन, जे सगळेच वापरतात. दुसऱ्यात झायलाझीन काढून मिडाझोलाम. तिसऱ्यात तीन औषधांचं नवं मिश्रण. हे तिसरं सगळ्यात लवकर चढत होतं, पहिल्यापेक्षा जवळजवळ निम्म्या वेळात. भुजंग सर, तिचे मार्गदर्शक, त्या एका गोष्टीवर इतके खूश होते की त्यांनी हैदराबादच्या परिषदेसाठी तिचं नावही देऊन टाकलं होतं.

भूल किती खोल आहे ते बघायला आता पायाचं बोट चिमट्यात धरायचं. तिने चिमट्यासाठी ट्रेकडे हात नेला आणि तो तिथेच राहिला.

ट्रेमध्ये चिमट्याशेजारी सिरिंज होती. टोपण लावलेली. भरलेली.

"सिद्धोधन, ही कुणाची?"

"कुणाची म्हंजे? ह्याचीच."

"मग ह्याला काय टोचलंस?"

"मी? तुमी टोचलं ना."

"मी फोनवर होते."

दोघांनी एकदमच सशाकडे पाहिलं. तो तसाच पडून होता. डोळे उघडे, लालसर, कुठेच न बघणारे. नाक मात्र इतक्या भरभर हलत होतं की हलतंय हेसुद्धा नीट दिसत नव्हतं.

काय झालं ते उलगडायला वेळ लागला नाही. तिने सिरिंज भरली, ससा मदतीला असलेल्या पंचफुलाबाईच्या मांडीवर होता, तेवढ्यात घरून फोन आला. सिरिंज ट्रेमध्ये ठेवून ती खिडकीशी गेली. सिद्धोधन तेव्हा स्टॉपवॉच काढायला कपाटाकडे तोंड करून होता. त्याला वाटलं, टोचून गेल्या. त्याने घड्याळ चालू केलं. ती परत आली, घड्याळ चालू दिसलं, तिला वाटलं, याने टोचलं.

"ताई," सिद्धोधन हळूच म्हणाला, "हे औषध लय भारी निघालं. न देताच काम करायलंय."

ती हसली नाही. तिने स्टेथोस्कोप कानाला लावून सशाच्या छातीवर टेकवला. भुलीत गेलेल्या सशाचं काळीज संथ चालतं. ह्याचं मोजताच येत नव्हतं, पत्र्यावर बाजरी ओतल्यासारखा एकसलग आवाज. तिने टाळी वाजवल्यासारखा हलका आवाज केला. ससा एका झटक्यात पालथा झाला आणि टेबलाच्या कडेशी जाऊन थरथरत बसला.

पुस्तकात एक ओळ होती. तिने स्वतः तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मारली होती. ससा उताणा धरून थोपटला की काही वेळ निपचित पडतो. ती झोप नव्हे, भीती असते. जनावर मेल्याचं सोंग घेतं, पकडणाऱ्याने सोडून द्यावं म्हणून. वाचलं होतं, पण तिचे पहिले ससे कधी असे पडलेच नव्हते. त्यांनी ओरबाडून तिची मनगटं रंगवली होती. त्यामुळे ती ओळ पुस्तकातच राहिली.

"मावशी," तिने विचारलं, "हा मघाशी तुमच्या मांडीवर कसा होता?"

पंचफुलाबाई पिंजऱ्यांखालचं गवत गोळा करत होती. ती सशांचं खाणंपिणं, साफसफाई बघायची. हात पदराला पुसत ती पुढे आली आणि हवेतच सशाला कोपराच्या बेचक्यात घेतल्यासारखं करून दाखवलं.

"असा. उताणा. हनवटीखालून पोटापर्यंत हळू बोट फिरवलं का डोळे तारवटून गप पडतंय बिचारं. माज्या नातवाला बी मी असंच निजवते."

"सगळ्यांना असंच घेता?"

"आता सगळ्यांनाच. तो एक किंचाळला नव्हता का, दिवाळीच्या आदी? सुई टोचताना? लेकरागत वरडला बघा. तुमी तवा भिंतीकडं तोंड करून हुब्या ऱ्हायल्या. मला दिसलं ना, तुमचा गाऊन म्होरून भिजलेला. म्हणलं, ह्या बाईचं दूध आटंल अशानं. तवापासनं मी आदीच शांत करून देते तुमच्या हातात."

दिवाळीच्या आधी. तो दुसऱ्या गटातला शेवटचा ससा होता. म्हणजे तिसऱ्या गटातला प्रत्येक ससा पंचफुलाबाईच्या मांडीवरून, त्या बोटाखालून टेबलावर आला होता.

"काई चुकलं का वो बाई?"

"न्हाई मावशी," धनश्री म्हणाली. "तुमचं काय चुकणार."

पंचफुलाबाई पिंजऱ्याकडे वळली. तिची पाठ वळेपर्यंत सिद्धोधन थांबला आणि मग आवाज खाली आणून बोलायला लागला.

"ताई, एवढं मनावर घेऊ नका. ह्याला आता टोचू, घड्याळ पयल्यापासून लावू. झालं."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांना तुमी तुमच्या हातानं टोचलंय. चिमटा लावला तवा त्यांनी पाय वढला का? न्हाई वढला. झोपलेच हुते ते."

"चिमटा नंतर लावला. झोपले कधी ते कुठं माहीत आहे? आधी किती वेळ नुसते पडून होते?"

"एका रकान्याचा तर प्रश्न हाय."

तो एकच रकाना सरांनी हैदराबादला पाठवला होता, हे त्यालाही ठाऊक होतं.

तिने ससा उचलून छातीशी धरला. त्याची नखं अॅप्रनमध्ये रुतली. तिने त्याला पिंजऱ्यात सोडलं आणि म्हणाली, "आज नको. ह्याची आज लय परीक्षा झाली. उद्या बघू."

"आन सरांचा फोन आला तर?"

"बघू म्हणलं ना."

भरलेली पिशवी तिने तिथेच कपाटाखाली सरकवली.

*

गाडीत खिडकीची जागा मिळाली, पण खिडकीची काच बंद होत नव्हती. बाहेर माघातलं कोरडं ऊन. मानवत रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या एकामागे एक लागल्या होत्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवी, ट्रॉली हलत नसे, मग तो हॉर्नवरचा हात काढून कपाळाला लावी. धनश्री पर्स उघडत होती, बंद करत होती. मोबाईल काढला, घरचा नंबर वर आणला, परत ठेवला. मघाशी तर बोलणं झालं होतं.

"काय करायली भक्ती?" तिने विचारलं होतं.

"झोपली," सासूबाई म्हणाल्या होत्या. "घुटी दिली, झोपली."

"सकाळी पण झोपलीच होती ना, आत्याबाई? मी निघाले तेव्हा?"

"लेकरू जागं असलं तर तुला काळजी, झोपलं तर बी काळजी. तू तुझं काम बघ. इकडलं मी बघते."

आठ महिन्यांची मुलगी इतकी झोपते? सगळे म्हणायचे, लय शहाणं लेकरू. शेजारच्या बायका म्हणायच्या, नशीब काढलंस बाई, आमची कार्टी घर डोक्यावर घेतात. आधी भक्तीही घ्यायची. पौषाच्या सुरुवातीपर्यंत तर फोन लावला की मागून तिचा आवाज यायचाच, चिडका, ताणलेला, हाक मारल्यासारखा. मग हळूहळू फोनमागे नुसता पंखा ऐकू यायला लागला. किती बरं वाटलं होतं तेव्हा.

पुढच्या बाकावरचं एक पोर रडायला लागलं. धनश्रीने दोन्ही हात छातीवर घट्ट दाबून धरले, तरी व्हायचं ते झालंच. पदर पुढे ओढून ती बाहेर बघत राहिली.

एका रकान्याचा प्रश्न. ससे मेले नाहीत, कुणाचं काही गेलं नाही. तिसरं मिश्रण चांगलंच होतं, ते तिने डोळ्यांनी बघितलं होतं. जरा लवकर चढतं की जरा उशिरा, एवढाच काय तो फरक. गट परत करायचा म्हणजे त्याच सशांना आधी विसावा द्यायचा, प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीला कळवायचं, औषध मागवायचं, मग एकेक करून पुन्हा सगळं. म्हणजे उन्हाळा. म्हणजे रोज हीच गाडी, हाच रस्ता. आणि घरी विरेशचा तो चेहरा, जो काही बोलत नाही आणि म्हणूनच जास्त बोलतो.

मग तिला उगाच वालूरचा दवाखाना आठवला. इंटर्नशिपला असताना ती तिथे होती. एक खोली, एक टेबल, भिंतीला टेकलेली सायकल. तिथला कुणी डॉक्टर तिचा प्रबंध वाचेल. लवकर चढतं, असं लिहिलंय म्हणून टोचेल, जनावर निपचित पडलेलं बघेल आणि सुरी हातात घेईल. आणि जनावर नुसतं पडलेलं असेल.

मानवतच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा तिने तो विचार खाली उतरवून दिला. कुणी इतकं वाचत नाही. उद्या त्या एका सशाला नीट टोचायचं, आकडा लिहायचा, पिशवी उचलायची, संपलं. पाथरी येईपर्यंत हे इतक्यांदा मनाशी म्हणून झालं की ते ठरल्यासारखंच झालं.

*

घर दुकानाच्या मागे होतं. पुढे विरेशचं कापडाचं दुकान. तो गिऱ्हाईकापुढे ब्लाऊजपीस पसरून बसला होता. तिला बघून त्याने मान वर केली.

"संपलं?"

"उद्या. एकच राहिलाय."

"एकच म्हणता म्हणता त्या सशांनी आमचा संसार कुरतडला बघा, ताई," तो गिऱ्हाईक बाईला म्हणाला. "गाजरागत." बाई हसली. धनश्रीही हसून आत गेली.

आत उमादेवी, तिच्या सासूबाई, सूप घेऊन तूर पाखडत बसल्या होत्या. कपाळावर सकाळच्या पूजेची विभूती अजून तशीच होती. त्यांनी ओठांवर बोट ठेवून माजघराच्या तुळईला बांधलेल्या झोळीकडे डोळ्यांनी खूण केली.

"आत्ताच डोळा लागला. पाय धू आधी."

तिने पाय धुतले, अंगावरची साडी बदलली. सशाचे केस साडीला चिकटलेले असायचे. मग झोळीशी बसून जुन्या लुगड्याची कड बाजूला केली. भक्ती पाठीवर पडली होती. मुठी उघड्या. तिच्याही कपाळावर विभूतीची एक रेघ. तोंड किंचित उघडं, ओठांच्या कोपऱ्यात पिवळसर ओघळ सुकलेला.

"भक्ती. ए माय. कोण आलंय बघ."

पूर्वी चपलेचा आवाज आला तरी झोळी हलायला लागायची. धनश्रीने तिच्या तळपायावरून बोट फिरवलं. काही नाही. गालाला गाल लावला. श्वास होता, उबदार, नीट लयीत. मग तिला कळायच्या आत तिच्या अंगठ्याने आणि बोटाच्या नखाने ते वाटाण्याएवढं पायाचं बोट पकडलं आणि दाबलं. जसं ती रोज दाबत होती.

पाय हलला नाही.

मग, उशिरा, आळसावल्यासारखा तो पाय थोडा मागे गेला आणि परत सैल पडला.

या अवस्थेला ती तक्त्यात कुठला आकडा देते ते तिला पाठ होतं. ती उठून मोरीशी गेली. कट्ट्यावर सहाण धुऊन उभी केली होती. शेजारच्या वाटीत हळकुंड, मुरुडशेंग, वेखंड, हिरडा आणि जायफळ. बाळंतपणानंतर माहेरून आलेली हीच घुटी. संक्रांतीच्या आसपास तिने स्वतः उगाळली होती, तेव्हा जायफळ सुपारीसारखं गोल होतं. आता ते एका बाजूने सपाट झालं होतं, पार आतली करडी नक्षी दिसेपर्यंत. बाकीची सगळी जवळजवळ तशीच होती.

"आत्याबाई, जायफळाचे किती वेढे देता?"

"देते जसे द्यायचे तसे."

"किती?"

सूप थांबलं.

"एकच द्यायचा म्हणलं होतं ना आपण," धनश्री म्हणाली. आवाज चढू नये म्हणून तिने वाटी दोन्ही हातांनी धरली होती.

"तू जनावरांची डॉक्टर हायस. मी चार लेकरं वाढवलीत, ह्याच घुटीवर."

"किती, आत्याबाई?"

उमादेवींनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग दुसरा शोधू लागल्या. खडा नव्हताच.

"चार," त्या म्हणाल्या. "कधी पाच. सकाळी एकदा, दुपारी एकदा."

माजघरात पंख्याचा आवाज तेवढा होता. फोनमागे ऐकू यायचा तोच.

"का पण?"

"का?" सूप खाली ठेवून त्यांनी तिच्याकडे पहिल्यांदाच सरळ बघितलं. "तुला तिचं रडणं ऐकू गेलं की तू परत येतीस म्हणून. मार्गशीर्षात मानवतवरून माघारी आलीस का न्हाई? दुसऱ्या खेपेला तर स्टँडवरूनच. विरेश मला म्हणला, आई, हिचं हे काय संपत न्हाई, बंदच करायला लाव. मी म्हणलं, थांब, मी बघते. लेकरू गप राहिलं तर तुझं ध्यान लागंल. लवकर संपंल. लवकर घरी येशील. चांगलंच झालं की! गेला महिनाभर एक दिवस तरी माघारी आलीस का?"

धनश्री तशीच उभी होती. रागाने बोलायचे सगळे शब्द बसमधल्यासारखे एकमेकांत दाटले होते, आणि त्या दाटीतून तिला दिसत होती ती पंचफुलाबाई, हवेतल्या सशाच्या हनुवटीखालून बोट फिरवणारी. तुमचं दूध आटंल, म्हणलं.

उमादेवींनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"अशी बघू नको माझ्याकडं. तू न्हाई का निजवत त्या मुक्या जीवांना? तुझं मोजून असतं, माझं हातानं. एवढाच काय तो फरक."

"माझंबी हातानंच निघालं, आत्याबाई," धनश्री म्हणाली.

त्यांना ते कळलं नाही. तिने समजावलंही नाही. ती झोळीपाशी गेली आणि भक्तीला उचलून घेतलं. मान खांद्यावर कलंडली, नेहमीपेक्षा जड. ओल्या फडक्याने तिने तिचं तोंड पुसलं, कानामागे पुसलं, तळपाय पुसले. पापणी हळूच वर करून बाहुली बघितली, तिला खिडकीच्या उजेडाकडे फिरवलं; बाहुली बारीक झाली. पुन्हा फिरवलं. भक्तीने कपाळाला आठी घातली. त्या आठीकडे धनश्री बघत राहिली.

"काही झालं का गं तिला?" मागून आवाज आला. आता त्यात तोरा नव्हता.

"उतरेल हळूहळू. पण आत्ता तिला झोपू द्यायचं नाही. दिवे लागायच्या आत डॉक्टरांकडं दाखवून आणू. तुमीबी चला. किती दिलं ते तुमालाच सांगावं लागंल."

उमादेवींनी मान हलवली. त्यांनी आपणहून पाण्याचा तांब्या आणून तिच्याजवळ ठेवला.

तेवढ्यात मोबाईल वाजला. भुजंग सर. मोबाईल जमिनीवर गोल फिरत थरथरत होता आणि धनश्री नुसती त्याच्याकडे बघत होती. थांबेल असं वाटलं. थांबला. पुन्हा वाजला. तिने भक्तीला एका खांद्यावर घेतलं आणि मोबाईल दुसऱ्या कानाला लावला.

"काय म्हणतोय शेवटचा ससा? झाला?"

ठरलेलं उत्तर जिभेवर होतं. उद्या सकाळी, सर. एवढं म्हणायचं होतं.

"सर, तिसरा सगळा गट परत करावा लागेल."

तिने भक्तीला खांद्यावर नीट वर घेतलं.

"आज चुकून न टोचताच उताणा केला, सर. तरी पडून राहिला. नुसता घाबरून. आमच्याकडून सगळ्यांनाच आधी थोपटून शांत करणं झालंय. पहिल्या दोन गटांना नव्हतं केलं. लवकर चढतं म्हणून जे आपण लिहिलंय, ते औषधाचं आहे की हाताचं, ते मला सांगता येणार नाही."

"पंचफुलाबाई?"

"माझं लक्ष नव्हतं, सर."

सरांनी एक लांब श्वास सोडला.

"हैदराबादला मी कळवतो मग," ते म्हणाले. "पण धनश्री, मे उजाडेल ह्यात. मुलगी लहान आहे तुझी. घरच्यांशी बोललीस का?"

तिने उमादेवींकडे पाहिलं. त्या मोरीच्या कट्ट्याशी उभ्या होत्या, जायफळ तळहातावर घेऊन त्याची सपाट बाजू अंगठ्याने चाचपत. मे हा शब्द त्यांना ऐकू गेला नव्हता, पण सुनेचं बोलणं सगळं गेलं होतं. परत करावा लागेल, हे तर गेलंच होतं.

आणि तेव्हा खांद्यावर काहीतरी हललं. आधी नुसती वळवळ. मग भक्तीने मान वर केली, तिच्याकडे बघितलं, कुणीतरी ओळखीचं लांबून येताना दिसावं तसं, आणि तिचा खालचा ओठ बाहेर आला. पहिला आवाज घोगरा होता, बरेच दिवस न वापरलेला. दुसरा मोठा. तिसऱ्याला तिने सगळं अंग ताणलं आणि घर डोक्यावर घेतलं.

"बाळ रडतंय," सर म्हणाले. "जा तू. आपण नंतर बोलू."

"नाही सर, बोला तुमी," धनश्री म्हणाली. तिच्या पोलक्याला दोन्ही बाजूंनी ओल येत चालली होती आणि तिने पदर पुढे ओढला नाही. "रडू दे तिला."

उमादेवींचा हात सवयीने झोळीच्या दोरीकडे गेला होता. तो अर्ध्यावर थांबला. त्यांनी जायफळ पदराच्या टोकात बांधलं, गाठ दातांनी आवळली आणि सहाण उचलून पाटावर चढून वरच्या फळीवर, दिवाळीच्या पणत्यांमागे सरकवून दिली.

दुकानातून विरेशची हाक आली. "आई! काय झालं गं? एवढी का रडायलीय ती?"

पाटावरून उतरताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला. सुनेकडे पाहिलं, नातीच्या लालबुंद तोंडाकडे पाहिलं.

"काय न्हाई रे," त्या बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "जागी हाय."